‘मनुस्सोसि?’ : परग्रहवासी सापडले तर श्रद्धाळूंपुढचा खरा प्रश्न

मा. संपादक,
स. न.

एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहावर जीवसृष्टीची खूण दिसल्याचा दावा झाला. जुलैमध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला ३आय/अ‍ॅटलस हा धूमकेतू सापडला. तेव्हापासून परग्रहवासी आणि धर्म या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिले-बोलले जात आहे. पहिला दावा तीन सिग्मा पातळीचा होता (सिग्मा म्हणजे निष्कर्ष योगायोगाचा नाही याची खात्री मोजण्याचे माप), शोध म्हणायला पाच लागतात. दुसरा पाहुणा धूमकेतूच होता. पण या निमित्ताने वाचकांसमोर दोनच मते येत राहिली. एक मत असे की बुद्धिमान जीव सापडले त्या दिवशी धर्म कोसळतील. दुसरे असे की यात नवे काहीच नाही, हे सगळे आमच्या ग्रंथांत आधीपासून लिहिलेले आहे. दोन्ही मते प्रश्नाला बगल देतात असे आम्हाला वाटते. खरी अडचण कुठे येईल आणि तिची तयारी काय करता येईल, हे मांडण्यासाठी हे पत्र. लांबले आहे, पण विषयच तसा आहे.

आधी ही बातमी येईल कशी ते पाहू. उडती तबकडी उतरण्याचे चित्र मनातून काढून टाकावे. जास्त शक्यता आहे ती संगणकाच्या पडद्यावरच्या एका बारीक रेडिओ रेघेची. निसर्गातले रेडिओ स्रोत पसरट असतात. सर्वांत अरुंद म्हणाव्यात अशा मेसरच्या, म्हणजे अवकाशातल्या वायुढगांतून आपोआप निघणाऱ्या तीव्र रेडिओ लहरींच्या, रेषाही काहीशे हर्ट्झ रुंद भरतात. एक-दोन हर्ट्झमध्ये मावणारी रेघ दिसली, तर ती यंत्रातून निघाली आहे एवढे कळते. पण यंत्र कोणाचे? ते ठरवायला दुर्बीण काही मिनिटे ताऱ्यावर रोखतात, मग बाजूला वळवतात, पुन्हा ताऱ्यावर आणतात. बाजूला वळवूनही रेघ राहिली, तर ती आपलीच. दुसरी कसोटी सरकण्याची. पृथ्वी फिरते आहे, दूरचा ग्रहही फिरत असणार, म्हणून खऱ्या संदेशाची वारंवारिता हळूहळू सरकली पाहिजे. एका जागी खिळून राहिलेली रेघ बहुधा दुर्बिणीच्या आवारातलीच असते.

या दोन्ही कसोट्यांतून पार पडलेली रेघही फसवू शकते. ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीने एप्रिल २०१९ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्यानंतर आपल्या सर्वांत जवळच्या, ४.२४ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याच्या दिशेने ९८२.००२ मेगाहर्ट्झवर अशी रेघ टिपली. ताऱ्यावर रोख असताना ती दिसे, रोख हटला की नाहीशी होई, आणि सरकतही होती. साठवलेल्या नोंदी चाळताना ती २०२० मध्ये लक्षात आली, डिसेंबर २०२० मध्ये बातमी फुटली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. इलेक्ट्रॉनिक उपकरणांना ठोका देणाऱ्या ऑसिलेटरांची (कंपन निर्माण करणाऱ्या भागांची) कंपने एकमेकांत मिसळून ती रेघ तयार झाली होती. त्याच ठेवणीच्या डझनावारी रेघा इतर वारंवारितांवर सापडल्या आणि कोडे सुटले. बातमी फुटण्यापासून निकालापर्यंत दहा महिने गेले.

जुन्नर तालुक्यातील खोडदची ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण असताना इथेच का पडताळत नाहीत, असे कोणी विचारील. प्रॉक्सिमा खगोलीय विषुववृत्ताच्या ६२.७ अंश दक्षिणेला आहे. खोडदहून तो क्षितिजावर जेमतेम आठ अंश चढतो, आणि तिथल्या तबकड्या सतरा अंशांखाली झुकत नाहीत. शिवाय ९८२ मेगाहर्ट्झ तिच्या नेहमीच्या पट्ट्यांत बसत नाही. असल्या साध्या कारणांनी पडताळणी महिनोन्‌महिने अडते. या काळात शास्त्रज्ञ ‘अजून नक्की नाही’ एवढेच सांगू शकतात, आणि श्रद्धाळू समाजाची खरी परीक्षा याच काळात होते.

आता ‘धर्म कोसळतील’ या भाकिताकडे येऊ. टेड पीटर्स या अमेरिकी धर्मशास्त्रज्ञाने २००८ मध्ये सुमारे १३०० जणांना हाच प्रश्न विचारला. बहुसंख्य श्रद्धाळूंनी सांगितले की आमच्या श्रद्धेला धक्का लागणार नाही. इतरांचा धर्म अडचणीत येईल असे म्हणण्याकडे कल अधिक होता तो धर्म न मानणाऱ्यांचा. उत्तरे देणारे मुख्यतः पाश्चात्त्य आणि ख्रिस्ती होते, तेव्हा भारताबद्दल त्यावरून अनुमान काढू नये. पण कोसळण्याचे भाकीत बहुधा बाहेरून केले जाते, एवढे त्यातून दिसते.

इतिहासही तेच सांगतो. देव अनेक जगे निर्माण करू शकत नाही, या मताचा पॅरिसच्या बिशपने १२७७ मध्येच निषेध केला होता. पंधराव्या शतकात विल्यम वोरिलाँग या फ्रान्सिस्कन विद्वानाने विचारले की दुसऱ्या जगात माणसे असतील, तर इथे दिलेल्या ख्रिस्ताच्या बलिदानाने त्यांचाही उद्धार होईल का? त्याचे उत्तर ‘होईल’ असे होते. यहुदी तत्त्वज्ञ हसदाई क्रेस्कस याने पंधराव्या शतकाच्या आरंभी अनेक जगांची शक्यता तपासली. जिओर्दानो ब्रुनोला १७ फेब्रुवारी १६०० रोजी जाळले, त्याच्यावरील आरोपांत अनंत जगांचे मतही होते, हे विसरता येत नाही. पण त्यानंतर दोनेक शतकांत चर्चच्या व्यासपीठांवरूनच इतर ग्रहांवरच्या रहिवाशांविषयी प्रवचने होऊ लागली होती.

भारतातले उदाहरण तर फारसे कोणाला ठाऊकच नाही. कुराणाच्या ६५व्या सूरेतील १२व्या आयतीत सात आकाशे आणि तशाच पृथ्वींचा उल्लेख आहे. त्यावर इब्न अब्बास यांच्या नावे एक वचन सांगितले जाते, की त्या प्रत्येक पृथ्वीवर तुमच्या आदमसारखा आदम, नूहसारखा नूह आणि तुमच्या पैगंबरांसारखा पैगंबर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वचनावरून उत्तर भारतातल्या उलेमांमध्ये मोठा वाद झाला. देवबंदच्या मदरशाच्या संस्थापकांपैकी मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी यांनी ‘तहज़ीरुन्नास’ ही पुस्तिका लिहिली ती याच प्रश्नाला उत्तर म्हणून. वाद होता तो मुहम्मद हे ‘शेवटचे पैगंबर’ म्हणजे नेमके काय याचा, आणि तो शमला नाही. पण दुसऱ्या जगांतल्या रहिवाशांचा विचार करायला हे विद्वान कोणत्या दुर्बिणीची वाट पाहत थांबले नव्हते.

तेव्हा बहुतेक धर्मांच्या विश्वरचनेत पाहुण्याला जागा आहे. जागा अपुरी पडते ती विधींत आणि धर्माच्या कायद्यांत, कारण हे नियम ‘माणूस’ हा शब्द धरून लिहिलेले आहेत. पत्राच्या शीर्षकातला पाली शब्द तिथूनच घेतला आहे.

बौद्ध भिक्खूची उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, होते तेव्हा उमेदवाराला ठरावीक प्रश्न विचारतात. कुष्ठ, गंड, क्षय, अपस्मार यांसारखे रोग आहेत का? आणि मग: ‘मनुस्सोसि?’ तू माणूस आहेस का? हा प्रश्न यादीत कसा आला ते विनयपिटक या भिक्खूंच्या नियमग्रंथाच्या महावग्ग या भागात सांगितले आहे. एका नागाला आपल्या नागजन्माचा वीट आला. तरुणाचे रूप घेऊन तो संघात शिरला, त्याला दीक्षा मिळाली आणि एका भिक्खूबरोबर तो कडेच्या विहारात राहू लागला. एके पहाटे सोबती बाहेर पडला. आता कोणी पाहत नाही म्हणून नाग निर्धास्त झोपला आणि झोपेत मूळ रूपावर आला. सगळा विहार सापाने भरून गेला, वेटोळी खिडक्यांतून बाहेर आली. दार उघडताच सोबती किंचाळला. बुद्धांनी नागाला सांगितले की या धम्म-विनयात तुझी वाढ होणार नाही, पण चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या आणि अष्टमीला उपोसथ (उपवासाचे व्रत) पाळ, म्हणजे तू लवकर मनुष्यत्वाला पोहोचशील. नाग रडत निघून गेला.

या कथेत प्रवेश नाकारला आहे, पण व्रताचा रस्ता उघडा ठेवला आहे. उद्या दूरच्या ग्रहावरचा जीव हा ‘मनुस्स’ धरायचा की नाही, हे थेरवादी संघाला खरोखर ठरवावे लागेल. बाकी विश्वरचनेचे ओझे बौद्धांवर कमी आहे. अंगुत्तर निकायात हजार चंद्र, हजार सूर्य आणि हजार जंबुद्वीपांची लोकधातू, म्हणजे विश्वरचना, सांगितली आहे. जग सान्त की अनंत, हा प्रश्न तर बुद्धांनी अव्याकृत, म्हणजे उत्तर न देण्याचा, म्हणून बाजूला ठेवला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांसोबत धम्म स्वीकारलेल्या समाजाला दुसऱ्या ग्रहावरच्या बुद्धिमान जीवाने बिचकायचे कारण दिसत नाही.

कॅथॉलिकांची अडचण एका कलमात दाखवता येते. चर्चच्या १९८३ च्या कायद्याचे ८६४ वे कलम म्हणते की बाप्तिस्मा न झालेली प्रत्येक मानवी व्यक्ती, आणि केवळ तीच, बाप्तिस्म्याला पात्र आहे. मूळ लॅटिनमध्ये शब्द आहे ‘होमो’. पोप फ्रान्सिस मे २०१४ च्या प्रवचनात म्हणाले होते की उद्या मंगळवासी आले आणि त्यातल्या एकाने बाप्तिस्मा मागितला तर काय करायचे? दार लावणारे आपण कोण, असा त्यांचा रोख होता. प्रवचन दार उघडते, पण कलम ते लावून घेते. ‘होमो’चा अर्थ ‘विवेक असलेला देहधारी’ असा घ्यायचा की ‘आदमचा वंशज’ असा, हे रोमला एक दिवस सांगावे लागेल. देवाच्या अवताराबाबत मात्र थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच जागा ठेवली आहे. दैवी पुरुष एकाहून अधिक मानवी स्वरूपे धारण करू शकतो, असे त्याचे मत होते.

इस्लामकडे इथे एक तयार कप्पा आहे. माणसाखेरीजही विवेक असलेली आणि जबाबदार धरली जाणारी जात, म्हणजे जिन्न, कुराणाला मान्य आहे. ७२वी सूरा त्यांच्याच नावाची असून त्यात जिन्नांच्या एका गटाने कुराण ऐकून श्रद्धा स्वीकारली असे सांगितले आहे. ४२व्या सूरेतील २९वी आयत आकाशांत आणि पृथ्वीत पसरलेल्या सजीवांविषयी बोलते. राहतो तो किब्ल्यासारख्या, म्हणजे नमाजासाठी तोंड करायच्या दिशेसारख्या, व्यवहाराचा प्रश्न. २००७ मध्ये मलेशियाचा अंतराळवीर अवकाशस्थानकावर निघाला तेव्हा तिथल्या उलेमांनी उतरती क्रमवारी ठरवून दिली. जमले तर काबा, नाही तर काबाच्या वरची अवकाशातली सरळ रेषा, नाही तर पृथ्वी, आणि तेही अशक्य झाले तर जिकडे तोंड असेल तिकडे. स्थानक दिवसाला सोळा प्रदक्षिणा घालते, म्हणून नमाजच्या वेळा उड्डाणाच्या ठिकाणाच्या धरायच्या. नवी परिस्थिती आली, जाणकार बसले, जमेल तितके करण्याचा नियम लावला आणि लेखी दिले. तयारी म्हणतात ती याला.

जैन दर्शनात पहिला प्रश्न ‘तो विचार करतो का’ हा नसून ‘इंद्रिये किती’ हा आहे. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची वर्गवारी, त्यात समनस्क (मन असलेले) आणि अमनस्क (मन नसलेले). त्यामुळे अहिंसेला ओळख पटण्याची वाट पाहावी लागत नाही. अवघड जाते ते पुढे. मनुष्य जैन विश्वरचनेतल्या अडीच द्वीपांतच असतो, त्यांच्या सीमेवरच्या मानुषोत्तर पर्वतापलीकडे नसतो, असे शास्त्र सांगते. मग वेधशाळा बांधणारा, गणित जाणणारा परका जीव तिर्यंच, म्हणजे पशुपक्ष्यांच्या वर्गातला, ठरवायचा का? समनस्क तिर्यंचही अणुव्रते (गृहस्थांची सौम्य व्रते) घेऊ शकतात, आत्मोन्नतीच्या पाचव्या पायरीपर्यंत (गुणस्थानापर्यंत) चढू शकतात, असे तेच शास्त्र म्हणते. जैन पंडितांनी हा धागा उचलला तर त्यातून मौलिक काही निघेल. शीख परंपरेविषयी लांबण लावायला नको. ‘लाखो पाताळे, लाखो आकाशे’ असे जपुजीत रोज पहाटे म्हणणाऱ्या नांदेडच्या भाविकाला जगांची संख्या वाढल्याने फरक पडत नाही.

हिंदू परंपरेत हा प्रश्न ‘अधिकार’ या शब्दाखाली येतो आणि त्याची चर्चा विस्मयकारक तपशिलाने झालेली आहे. ब्रह्मसूत्रे या वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथाच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात २५वे सूत्र म्हणते की शास्त्राचा अधिकार मनुष्याला आहे. लगेच २६वे सूत्र येते: ‘तदुपर्यपि बादरायणः संभवात्’. मनुष्याच्या वरच्या जीवांनाही, म्हणजे देवांनाही, ब्रह्मविद्येचा अधिकार आहे, कारण ते शक्य आहे. शंकराचार्य भाष्यात कारणे देतात की ज्याला मोक्षाची इच्छा आहे आणि ज्याचे सामर्थ्य आहे, त्याला अधिकार. देवांना असा अधिकार नाही, हा जैमिनींचा आक्षेपही ३१व्या सूत्रात नोंदवला आहे. शंकराचार्यांच्या कसोटीने हात नसलेला, अग्नी-तूप न जाणणारा जीव यज्ञ करू शकणार नाही, पण त्याला जिज्ञासा असेल तर ब्रह्मविद्येचे दार त्याला उघडे आहे. परग्रहवासीयासाठी याहून नेमकी कसोटी आम्हाला इतर कुठल्याही प्राचीन ग्रंथात आढळलेली नाही.

आणि त्याच पादात, केवळ आठ सूत्रे पुढे, ३४ ते ३८ या सूत्रांत शूद्राला हाच अधिकार नाकारला आहे. आकाशातल्या अदृश्य देवाला दिलेला हक्क अंगणात उभ्या असलेल्या माणसाला नाकारला. हे वाचताना मन विषण्ण होते, आणि ते व्हायलाच हवे. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला सत्याग्रह करावा लागला तो याच नकारामुळे. युरोपनेही हेच केले. अमेरिकेतले मूळ रहिवासी खरीखुरी माणसे आहेत, हे सांगायला पोप तिसरे पॉल यांना १५३७ मध्ये फर्मान काढावे लागले, आणि ते काढूनही लूट थांबली नाही. परक्या ग्रहावरच्या जीवाला ‘आपला’ म्हणण्याच्या गोष्टी करताना हा हिशेब समोर ठेवला नाही, तर त्या गोष्टी पोकळ ठरतात. वारकऱ्यांनी तो पुष्कळसा ठेवला. नामाला अधिकार लागत नाही, हे त्यांनी चोखोबा-जनाबाईंच्या मुखाने सांगितले. पैठणच्या रेड्याची कथा प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. वेद कोणी म्हणावेत याचा वाद रेड्याच्या मुखाने मिटवणारी परंपरा परग्रहवासीयाला पाहून गोंधळणार नाही.

आता ‘आमच्या ग्रंथांत होतेच’ या मताविषयी. अनंतकोटी ब्रह्मांडांची कल्पना आपल्याकडे आहे यात शंका नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधात ब्रह्मदेव म्हणतो की अशी असंख्य ब्रह्मांडे तुझ्या रोमरंध्रांतून परमाणूंसारखी ये-जा करतात. अक्कलकोट आणि शेगावला भाविक ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ असा जयजयकार करतात. पण ही वचने ईश्वराच्या महत्तेविषयी आहेत. त्यांत कोणत्या ताऱ्याभोवती कोण राहते याची माहिती नाही, आणि ती द्यायचा त्यांचा हेतूही नाही. सापडलेल्या जीवाशी त्यांचा ओढून-ताणून मेळ घातला, की पुढच्या वर्षी नवी माहिती आल्यावर ग्रंथच खोटा पडल्यासारखा दिसतो. हे नुकसान विज्ञानाचे नाही, श्रद्धेचे आहे.

खरे तर आपला रोजचा संकल्पच जास्त प्रामाणिक आहे. पूजेला बसल्यावर पळीभर पाणी हातावर घेऊन गुरुजी काय म्हणायला लावतात ते नीट ऐकावे. श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे, प्रथमचरणे, जंबुद्वीपे, भरतवर्षे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, मग शालिवाहन शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी. हा विश्वातला आपला पत्ता आहे, ४३२ कोटी वर्षांच्या कल्पापासून नदीच्या काठापर्यंत. मी इथून, आत्ता बोलतो आहे, एवढेच तो सांगतो. अमेरिकेतल्या मराठी घरांत पूजा सांगताना जंबुद्वीपाच्या जागी क्रौंचद्वीप म्हणणारे गुरुजी आहेत. पत्ता बदलला, पूजा चालू राहिली. दुसऱ्या ग्रहावर तिथीही राहणार नाही, कारण तिथी म्हणजे आपल्या चंद्र-सूर्यातले बारा अंशांचे अंतर. प्रॉक्सिमाच्या एका ग्रहाचे वर्ष ११.२ दिवसांचे आहे. आपल्या व्रतवैकल्यांचे गणित आपल्या आकाशाचे आहे, हे मान्य केल्याने त्यांचे मोल कमी होत नाही.

तर्पणात एक श्लोक येतो, त्यात सप्तद्वीपनिवासी आणि ब्रह्मलोकापर्यंतचे सारे यांना तिलोदक दिले जाते. हजार प्रकाशवर्षांवरून आलेला संदेश म्हणजे हजार वर्षांपूर्वी पाठवलेला संदेश. पाठवणारे तोवर हयात असतील याची खात्री नाही. अशा वेळी काय करावे असे एखाद्या भाविकाने विचारले, तर ही ओंजळ आपल्या विधींत आधीपासून आहे.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती अफवांची. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी पहाटे दिल्लीतून निघाली आणि दुपारपर्यंत देशभर पसरली, तीही मुख्यतः दूरध्वनीवरून. पृष्ठताणाने चमच्यातले दूध मूर्तीवर ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून त्याच दिवशी दाखवले. तोवर रांगा लागून गेल्या होत्या. ते प्रकरण निरुपद्रवी ठरले. दुसरे ठरले नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये हेल-बॉप धूमकेतूमागे एक गूढ वस्तू आहे, अशी बातमी एका हौशी निरीक्षकाच्या छायाचित्रावरून अमेरिकी रेडिओवर गेली. ती वस्तू म्हणजे एसएओ १४१८९४ हा साधा तारा होता, आणि खगोलशास्त्रज्ञांनी ते लगेच सांगितले. तरीही मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात एका पंथाच्या ३९ जणांनी ती वस्तू परग्रहवासीयांचे यान आहे असे मानून त्यात जाण्यासाठी जीव दिला. तारकासूची उघडून पाहिली असती तर पाच मिनिटांत कळण्यासारखी गोष्ट होती.

म्हणून देवस्थानांचे विश्वस्त, मशिदींच्या समित्या, धर्मप्रांत, विहार या सर्वांना सुचवावेसे वाटते. अशी बातमी येईल त्या दिवशी बोलणारी व्यक्ती एकच असावी आणि ती आधी ठरलेली असावी. निवेदन तीन वाक्यांचे पुरे: बातमी ऐकली, पडताळणी चालू आहे, नित्याची उपासना ठरल्या वेळी होईल. शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. काकड आरती, अजान, मिस्सा वेळेवर झाली की घाबरलेल्या माणसाचे पाय जमिनीला लागतात. विशेष याग, विशेष निधी, विशेष दर्शन यांपैकी काहीही जाहीर करू नये. पैसा आला की मागोमाग ‘मला त्यांचे संदेश येतात’ म्हणणारा येतोच. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे, पैसे उकळणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. तक्रार कोणाकडे करायची हे विश्वस्तांना त्या दिवसाआधीच माहीत असावे. आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना ‘गप्प बस’ हे उत्तर देऊ नये. ‘अजून कळलेले नाही’ असे गुरुजींनी किंवा मौलवींनी सांगितले तर त्यांचा मान वाढतो.

वृत्तपत्रांनी छापण्याआधी काय विचारावे? कोणत्या दुर्बिणीने पाहिले, दुसऱ्या खंडातल्या दुर्बिणीने स्वतंत्रपणे पाहिले का, वारंवारिता आणि रुंदी किती, रोख हटवल्यावर रेघ जाते का, मूळ विदा (डेटा) इतरांना खुली केली का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या पानावर जागा देऊ नये. यासाठी अशा दाव्याचे वजन मोजणारी शून्य ते दहाची रिओ मोजपट्टी आहे, तिच्यावरचा आकडा मथळ्यातच द्यावा. हवामानाच्या इशाऱ्यांप्रमाणे वाचकांना त्याची सवय होईल.

आणखी एक गोष्ट पक्की धरून चालावे. संदेश खरा ठरला तरी त्यात काय आहे हे वर्षानुवर्षे कळणार नाही. ‘ते देव मानतात का’ या प्रश्नाला त्या काळात कोणीही उत्तर देऊ शकणार नाही, आणि जो देईल त्याच्यापासून दूर राहावे. पुढे भाषा उलगडली तरी भाषांतराची मोठी अडचण उरेल. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द योजला. पृथ्वीवरच्याच दोन धर्मांत एवढी उसनवारी करावी लागली.

शेवटी, उत्तर द्यायचे का आणि कोणी. आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीच्या १९८९ च्या आणि २०१० मध्ये सुधारलेल्या जाहीरनाम्यात म्हटले आहे की आधी पडताळावे, मग जगाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना कळवावे, ती वारंवारिता राखून ठेवावी आणि व्यापक आंतरराष्ट्रीय विचारविनिमयाशिवाय उत्तर पाठवू नये. हा कायदा नाही, मोडणाऱ्याला शिक्षा नाही. ताकदवान प्रक्षेपक असलेला कोणीही, एखादा श्रीमंत पंथसुद्धा, आपल्या देवाच्या नावाने संदेश सोडू शकेल. त्या विचारविनिमयात धर्मांचे जाणकार बसले पाहिजेत असे आम्हाला आग्रहाने वाटते. पृथ्वीवरची बहुसंख्य माणसे कोणत्या ना कोणत्या श्रद्धेची आहेत, त्यांना वगळून दिलेले उत्तर पृथ्वीचे कसे म्हणावे? आणि बसणाऱ्यांत फक्त मठाधिपती आणि धर्मगुरू नसावेत. ज्यांना ‘तू माणूस आहेस का’ हा प्रश्न शतकानुशतके झेलावा लागला, त्या समाजांचे लोक तिथे हवेत. हा प्रश्न कसा विचारू नये, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

मराठीतून एक संदेश तर आधीच गेला आहे. १९७७ मध्ये निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठी आहे. पृथ्वीवरच्या लोकांचे शुभविचार कळवून त्या स्त्रीचा आवाज शेवटी म्हणतो, ‘ह्या जन्मी धन्य व्हा’. ऐकणाऱ्याला जन्म असतो, तो एकच नसतो आणि त्यात धन्य होता येते, एवढे सगळे त्या चार शब्दांत गृहीत धरले आहे. व्हॉयेजर १ आता २,४०० कोटी किलोमीटरहून पुढे गेले आहे.

२०१० च्या त्या जाहीरनाम्याचा मजकूर छोटा आहे. त्याचे पूर्ण मराठी भाषांतर आपल्या वृत्तपत्रात छापावे, अशी विनंती. भाषांतर करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
रेडिओ खगोलशास्त्र आणि धर्मग्रंथ यांचे दोन अभ्यासक, पुणे